तिला विचारलं का?

भारतात घरकामाची बाई खोलीत आली की मालकीण उठून उभी राहते, असा हायडेलबर्ग विद्यापीठातून शिकून गेलेल्या कित्येक जर्मन मुलामुलींचा पक्का समज आहे. हा गैरसमज आमच्या बाईंनी पसरवला. सेमिनार ऐन रंगात आलेला असायचा, बाई खुर्चीत बसून बोलत असायच्या, आणि दार ढकलून बादली घेतलेली सफाईवाली आत डोकवायची. वर्ग चालू आहे हे पाहून ती बिचारी 'एन्टशुल्डिगुंग', माफ करा, म्हणत मागे फिरायची. तेवढ्यात बाई उठून उभ्या राहिलेल्या असायच्या आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बसत नसत. एका मुलानं एकदा कारण विचारलं, तेव्हा "आमच्याकडे अशी पद्धत आहे," असं गंभीरपणे सांगून त्यांनी पुढची कविता घेतली. त्यानं ते इमानदारीत लिहून घेतलं. वर्गातली दुसरी मराठी व्यक्ती म्हणजे मी, शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसले होते. आमच्याकडे कशी पद्धत आहे ते मला चांगलंच ठाऊक होतं. मोलकरणीची कपबशी खिडकीत वेगळी ठेवणाऱ्या घरात मी वाढले.

बाई म्हणजे विद्यापीठातल्या बाई. इथल्या मराठी मंडळींनी नाव पाडलं आणि पुढे 'विद्यापीठ' गळून नुसतं 'बाई' राहिलं. अंगानं किरकोळ, केस कापलेले, थंडीत एकच राखाडी कोट. विशीत जर्मनीत आल्या त्या इथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. इंग्रजी कविता शिकायला इंग्लंड सोडून जर्मनीत कोण येतं, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "मामा मानहाइमला होता ना!" मामा म्हटलं की आपल्या लोकांना पुढचा प्रश्न पडत नाही. मी आले ती नवऱ्याच्या नोकरीमागून. घरात बसून वैतागले आणि बाईंच्या विभागात नाव घातलं. वर्षभरात त्यांची हिवी झाले, म्हणजे झेरॉक्स काढणारी, पुस्तकं आणून देणारी आणि जेवणाची आठवण करणारी विद्यार्थिनी.

त्यांचा विषय होता व्हिक्टोरियन काळातली इंग्रजी कविता, आणि त्यातही 'पडलेली बाई', इंग्रजीतली 'फॉलन वुमन'. त्या काळच्या झाडून साऱ्या सभ्य कवींना या पडलेल्या बायकांनी पछाडलं होतं. कुणी तिच्यासाठी अश्रू ढाळत, कुणी तिला उपदेश करत, बरेचजण शेवटी तिला नदीत ढकलून मोकळे होत. बाई कविता वाचायच्या ती आवाज अगदी सपाट ठेवून. मग पहिला प्रश्न ठरलेला: "हिचे हात कसे आहेत?" मुलं गोंधळून कविता पुन्हा चाळायची. केस सापडायचे, सोनेरी. डोळे सापडायचे, गळा सापडायचा, आसवं तर ओळीओळीत. हात काही सापडायचे नाहीत. "दिवसभर लोकांची शिवणं शिवते, फरशा घासते, आणि हिला हातच नाहीत?" बाई म्हणायच्या. "म्हणजे कवीनं आपल्याला हवं तेवढंच बघितलं." कवयित्रींनीही लिहिलं होतं या बायकांवर. त्या जरा बऱ्या, असं बाईंचं मत होतं, पण त्यांच्याही घरी मोलकरीण होतीच, हे सांगायला त्या विसरत नसत.

"थोरामोठ्यांची मुलगी घसरली की ती चूक असते," त्या म्हणायच्या, "आणि गरिबाची घसरली की तो तिचा स्वभाव. चूक पोटात घालतात. मुलगी वर्षभर लांबच्या आत्याकडे जाते, हवापालट करून येते. स्वभावाला मात्र औषध नाही." हे त्या माझ्याशी मराठीत बोलायच्या. वर्गात हेच जर्मनमध्ये, मोठमोठ्या शब्दांत, आणि तळटिपांसकट.

त्यांचं खरं पालुपद मात्र वेगळंच होतं. एखाद्या निबंधात 'या कवितेनं पतित स्त्रीला आवाज मिळवून दिला' असं वाक्य आलं की समासात बाईंची लाल अक्षरं उमटायची: 'हाट मान झी गेफ्राग्ट?' तिला विचारलं का? मला आधी वाटलं, हा परीक्षकाचा खडूसपणा. एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्यांना घेऊन गेले, तेव्हा कळलं की हे प्रकरण वर्गाबाहेरही चालतं. र्युसेल्सहाइममधल्या एका इंजिनिअरची बायको घर सोडून वेगळी खोली घेऊन राहिली होती. तिळगुळाबरोबर तिचाही समाचार चालला होता. ती कुणाबरोबर गेली असेल यावर दोन मतं पडली होती. बाई हातात वाणाची स्टीलची वाटी धरून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "तिला विचारलं का?"

मग यजमानीण म्हणाली, "अहो बाई, असं कसं विचारणार तिला?"

"फोन करून," बाई म्हणाल्या.

त्यानंतरच्या हळदीकुंकवांची निमंत्रणं बाईंपर्यंत पोचेनाशी झाली. त्यांनी वाटी मात्र जपून वापरली, तिच्यात मीठ ठेवायच्या.

त्यांचं घर नेकार नदीच्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. तिथली रस्त्याकडची खिडकी कायम उघडी. जानेवारीतसुद्धा. मी कोट न काढता चहा प्यायचे. जर्मन माणसाची हवा खेळती ठेवण्यावर देवाइतकी श्रद्धा, त्यामुळे शेजाऱ्यांना याचं कौतुकच होतं. घरात मदतीला कामवाली ठेवली नाही. जिना पुसायची पाळी इथे प्रत्येक बिऱ्हाडाला असते. बाई आपली पाळी गुडघ्यांवर बसून करायच्या आणि खालच्या म्हातारीचीही करून टाकायच्या. मला कप विसळू द्यायच्या नाहीत. "भारतीय असून किती स्वच्छ!" असं ती म्हातारी म्हणाली, तेव्हा आम्ही दोघी जिन्यात हसलो. जर्मनीत प्रायश्चित्तसुद्धा स्वच्छतेत खपून जातं, हे मला फार नंतर कळलं.

आणखी एक होतं, त्यानं मात्र अंगावर काटा यायचा. बोलता बोलता बाई थांबायच्या, मान स्वयंपाकघराकडे वळवून कानोसा घ्यायच्या आणि हळूच विचारायच्या, "मागच्या दारी कुणी आलंय का गं?" त्या फ्लॅटला मागचं दार नव्हतं. मी नाही म्हणायचे. "हं," म्हणून त्या तुटलेलं वाक्य जिथल्या तिथे पुन्हा जोडून घ्यायच्या.

बाईंच्या निवृत्तीचं वर्ष आलं. इथे प्राध्यापक जाताना एक निरोपाचं व्याख्यान देतो. सहकारी, जुने विद्यार्थी जमतात, नंतर वाइन आणि ब्रेत्सेल, म्हणजे वर मीठ लावलेले गाठीसारखे वळलेले पाव. नोव्हेंबरातल्या एका रविवारी, चार वाजताच अंधारून आलं होतं, बाईंनी मला बोलावून घेतलं आणि दिवा न लावताच म्हणाल्या, "व्याख्यानात शेवटी मी एक उदाहरण देणार आहे. कवितेतलं नाही. आमच्या घरातलं. नाव घेऊन देणार आहे."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या आईवडिलांच्या घरी कामाला एक मुलगी होती. तिचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही, गावही नाही. का, ते पुढे कळेलच. कमल म्हणू. बाईंना हे अजिबात आवडलं नसतं. कमल बाईंच्याच वयाची, लहानपणापासून त्या घरात. सागरगोटे एकत्र खेळल्या, मग एक कॉलेजात गेली आणि दुसरी भांड्यांवर राहिली. "आई म्हणायची, अगदी घरची आहे ती," बाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षांची होते मी. कॉलेजात एक सर होते. पुढचं तुला सांगायला नको. आईच्या लक्षात आलं, डॉक्टर घरचेच होते, सगळं गुपचूप झालं. पण गुपचूप म्हणजे किती? डॉक्टरांची गाडी दारात दिसलेली, दवाखान्यातली कुणीतरी बोललेली. आळीत कुजबुज सुरू झाली की अमक्यांच्या घरात काहीतरी निस्तरलं म्हणे. तेव्हा आईनं शेजारणींना सांगितलं, हो, आमच्या कमलचं पाऊल वाकडं पडलं. आम्हीच निस्तरलं बिचारीचं. आता घरात ठेवणं काही बरं नव्हे."

मी हातातला कप खाली ठेवला.

"लोकांनी आईचं कौतुक केलं गं. केवढं मोठं मन म्हणाले. त्याच संध्याकाळी कमलला काढलं. मी वर झोपले होते, पोटावर गरम पाण्याची पिशवी घेऊन. मागचं दार वाजलं म्हणून उठून बघितलं. कमल अंगणात उभी होती, बोचकं घेऊन. तिनं वर बघितलं. ती काही म्हणाली नाही. नुसती बघत राहिली. तिला वाटलं असेल, ताई आता खाली येतील, बोलतील काहीतरी." बाईंनी उघड्या खिडकीकडे पाहिलं. "मी खिडकी लावून घेतली. दोन महिन्यांनी मामाकडे आले. माझं पाऊल घसरलं आणि पडली ती."

बाहेरच्या गार हवेनं पडदा हलत होता. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. दुसऱ्यांच्या मोलकरणींसाठी जन्मभर उठून उभ्या राहिल्या, आणि तेव्हा त्यांच्यानं एक जिना उतरवला नाही. पण हे काही मी बोलले नाही. मी बोलले ते असं: "बाई, व्याख्यानात कमलचं नाव घेणार म्हणता. तिला विचारलं का?"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या समासात लिहिलेला प्रश्न त्यांना स्वतःला कुणी घातलाच नव्हता.

पत्ता त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक होता. शोधायचं काही नव्हतंच, नुसतं जायचं होतं. त्यांच्यानं ते झालं नाही. डिसेंबरात मी माहेरी जाणार होते, तेव्हा मीच गेले.

कमलच्या मुलाची पिठाची गिरणी आहे. वर दोन खोल्या, सगळ्यावर पिठाचा पातळ थर. कमलआजी खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या. आतल्या खोलीत नात मोठमोठ्यानं जर्मन क्रियापदं घोकत होती. हल्ली आपल्याकडे घरोघरी कुणीतरी जर्मन घोकतंच. ही नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीला निघाली होती. मी कुणाकडून आले ते सांगितलं. आजींचे हात थांबले नाहीत.

"ताई जित्या हाईत न्हवं?" त्यांनी आधी तेवढं विचारलं. मग सुनेला दुधाला पिटाळलं, नातीला आतून दार लोटून घ्यायला सांगितलं आणि म्हणाल्या, "हं, बोला."

मी सांगितलं. मोठ्या सभेत, सगळ्यांपुढे ताई खरं सांगणार आहेत. दोष तुमचा नव्हता, माझा होता, असं तुमचं पूर्ण नाव घेऊन सांगणार आहेत. माझी कल्पना होती की म्हातारीचे डोळे भरून येतील.

"हितं कुनाला ठाव न्हाई," आजी म्हणाल्या. "भावानं लांब लगीन लावून दिलं. मालकास्नी म्या कंदी सांगितलं न्हाई, ते गेले. पोराला ठाव न्हाई, सुनंला न्हाई. त्या मढ्याला गाडून म्या चाळीस-पन्नास वर्सं संसार केला. आता ते उकरायचं?"

"पण त्यात तुमचं नाव स्वच्छ होईल, आजी."

"कुनाम्होरं? जर्मन लोकांम्होरं?" त्या पहिल्यांदाच हसल्या. मग सूप बाजूला ठेवलं. "त्यांच्या जिवाला हलकं वाटावं, म्हून ना? तवा त्यांचं वझं म्याच उचललं. आता ह्येबी म्याच उचलू?"

मी उठले. निघताना आजी म्हणाल्या, "पोरगी तिकडं येतीया. ताईंना म्हनावं, लक्ष ठेवा. आजी त्यांच्यात कामाला व्हती, येवढं तिला ठाव हाय. त्यात काय लाज न्हाई. बाकी एक अक्षर सांगायचं न्हाई. शब्द घ्या त्यांचा. आन् तुमीबी द्या." मी दिला.

परत आल्यावर बाईंना मी शब्दन् शब्द सांगितला. "असंच म्हणाली? 'ह्येबी म्याच उचलू?' अगदी असंच?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मग उठून मोरीतले धुतलेले कप परत धुवायला लागल्या. माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "हात कसे आहेत गं तिचे?" मी सांगितलं, बोटं सांध्यांत वाकली आहेत, पण तांदळातला खडा अजून अचूक उचलतात.

व्याख्यान फेब्रुवारीत झालं. सभागृह भरलं होतं. बाई सुंदर बोलल्या. शेवटच्या पानाशी आल्या, त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि ते घडी घालून पर्समध्ये टाकलं. "आणखी एक उदाहरण होतं," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "तिला विचारलं. ती नाही म्हणाली." लोकांना तो बाईंचा नेहमीचा विनोद वाटला. हशा झाला. आणि मग सगळ्यांनी बाकं वाजवायला सुरुवात केली. जर्मन विद्यापीठांत टाळ्या नसतात, बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. शेकडो माणसं एकदम टकटक करू लागली. बाईंनी दचकून मागे, भिंतीकडे पाहिलं. तिथे फळा होता. त्या इतक्या पांढऱ्याफटक पडल्या की मी उठून त्यांना धरायला धावले. सहकाऱ्यांना वाटलं, निरोपाचा क्षण आहे, बाई हळव्या झाल्या.

उन्हाळा संपताना कमलआजींची नात आली. तिला ऋतुजा म्हणते, हेही खरं नाव नव्हे. मानहाइमच्या इस्पितळात तिचं शिक्षण सुरू झालं. पहिल्या रविवारी मी तिला बाईंकडे नेलं. दारातच ती वाकली. बाई अशा मागे सरकल्या की भिंतीवर आपटल्या. "नको, नको गं, मला नाही करायचा नमस्कार." ऋतुजाला तो मोठेपणा वाटला. तिनं हट्टानं पाय धरलेच. "आजीनं बजावलंय. म्हणाली, त्यांच्या घरचं मीठ खाल्लंय आपण." बाईंनी डोळे मिटून घेतले. आजींनी कारळ्याची चटणी पाठवली होती. ती बाईंनी फ्रीजमध्ये ठेवली नाही, समोर टेबलावर ठेवली आणि रोज बोटाच्या टोकावर घेऊन खाल्ली.

मग दर रविवारी ती येऊ लागली. बाई तिला व्याकरण शिकवत, पिठलं करून वाढत, थंडीचे बूट घेऊन देत. पोरगी गोड होती, बडबडी होती, आजीच्या गोष्टी सांगायची. आजी कशी शिस्तीची, आजीला खोटं कसं खपत नाही. बाई मान खाली घालून ऐकायच्या. मला ते बघवायचं नाही. एकदा वाटलं, आजींनी मुद्दाम तर नसेल ना केलं हे? पण नाही. त्यांना फक्त नातीची काळजी होती. त्यांच्या साधेपणानंच बाईंना जास्त सोलून काढलं.

दिवाळीला इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात कुणीतरी ऋतुजाबद्दल बोललं. तिच्याबरोबर ट्राममध्ये एक जर्मन मुलगा दिसला होता. "नर्सिंगच्या या पोरी. घरचं वळण नाही, वर बघायला कुणी नाही," वगैरे. ऋतुजा तीन खुर्च्या पलीकडे पुऱ्या वाढत होती, तिच्या कानावर गेलं. बाई ताटावरून उठल्या. सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तिचं काय बोलायचं ते माझ्याशी बोला. ती माझ्या घरची आहे." ऋतुजाचा चेहरा असा काही उजळला की बोलणारीनंही मान खाली घातली. मला वाटलं, चला, इतक्या वर्षांनी बाई जिना उतरल्या एकदाच्या. घरी आल्यावर त्या कोटासकट खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांना कधीच रडताना पाहिलं नव्हतं. "घरची म्हटलं गं मी तिला," त्या म्हणत होत्या. "आईचाच शब्द आला तोंडात."

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. हृदयाचं दुखणं होतं, फार दिवस काढले नाहीत. शेवटच्या आठवड्यात ऋतुजा ड्युटी संपवून मानहाइमहून रोज यायची, त्यांना भरवायची, केस विंचरायची. बाई तिच्याकडे टक लावून बघत. दोनतीनदा त्यांचे ओठ हलले. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जीव मुठीत धरून बसलेली असायचे. त्यांनी शब्द मोडला नाही.

अंत्यविधीला विद्यापीठातले लोक आले, खालची म्हातारी आली, मंडळातल्या चारजणी आल्या. परतताना ट्राममध्ये ऋतुजा माझ्या शेजारी बसली होती. रडून रडून डोळे सुजले होते.

"आजीला फोन केला होता सकाळी," ती म्हणाली. "ती कितीतरी वेळ बोललीच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, जेवून घे."

मी तिचा हात हातात घेतला.

"मावशी, बाईंनी इतका जीव का लावला असेल हो मला? मी तर त्यांची कुणीच नाही." आणि माझ्या उत्तराची वाट न बघता तीच म्हणाली, "आजीनं त्यांच्याकडे फार मन लावून काम केलं असणार. म्हणूनच."

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच."